डाव्या चाकाचं बाकीचं लोखंड

सासऱ्यांच्या धानाच्या काट्यावर मी माझा हब ठेवला, ही माझी चूक. तशी छोटीच. पण ज्या अंगणात ती झाली, तिथं वजन कमी भरणं ही छोटी गोष्ट समजत नाहीत.

दिवाळीनंतरचे दिवस. सिहोऱ्याला सासुरवाडीत मळणी आटोपत आली होती आणि अंगणात पोती लागली होती. सासरे शेतीही करतात आणि आजूबाजूच्या गावांचं धान विकतही घेतात, त्यामुळं अंगणाच्या मधोमध काटा कायमचा मांडलेला. मी भंडाऱ्याहून गाडीच्या डिकीत दोन हब घालून नेले होते. हब म्हणजे ट्रकच्या चाकाच्या मधला लोखंडी गाभा. त्याच्यातून बोल्ट बाहेर आलेले असतात, त्यावर चाक बसवून नटांनी आवळतात. एक हब नेहमीचा, वर्षानुवर्षं चालत आलेला. दुसरा मी काढलेल्या नव्या आकाराचा. आधी जुना काट्यावर ठेवला, लाल आकडे उमटले. मग नवा ठेवला. आकडे चांगलेच खाली उतरले.

"पाहा मामाजी," मी छाती काढून म्हणालो, "काम तेच, मजबुती तेवढीच, आणि वजन मात्र कितीतरी कमी!"

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पोती शिवणाऱ्यांचे हात थांबले. आपलं धान घेऊन आलेला एक शेतकरी आधी काट्याकडं, मग स्वतःच्या पोत्यांकडं, आणि मग सासऱ्यांकडं पाहायला लागला. सासरे उठले, काट्याच्या खाली वाकून काही अडकलंय का ते पाहिलं, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"जवाईबुवा, बाकीचं कुठी गेलं?"

"काय बाकीचं?"

"लोखंड. त्याच्यात होतं, याच्यात नाई. म्हंजे कुठी तरी गेलंच ना?"

"ओतलंच नाही, मामाजी. जिथं जोर येत नाही, तिथलं कमी केलं."

"हाव. कमी केलं. मंग कमी केलेलं कुठी ठेवलं?"

स्वयंपाकघराच्या दारातून बायको मला डोळ्यांनी बोलावत होती. मी आत गेलो. ती हळू आवाजात म्हणाली, "धानवाल्याच्या अंगणात येऊन वजन कमी झालं म्हणून मिरवते का कोणी? आता बाबा आठवडाभर काटा तपासत बसन."

मी भंडाऱ्याजवळ औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात काम करतो. आम्ही अवजड गाड्यांच्या चाकांचे भाग बनवतो. त्यात हलकेपणा आणणं हे माझं काम. ट्रक स्वतःचं जितकं वजन ओढतो तितकं डिझेल फुकट जातं, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की घरात मुलं माझं वाक्य सुरू झालं की पुढचं स्वतःच म्हणतात. ज्या वर्षांत मी हबचं वजन उतरवत होतो त्याच वर्षांत माझं स्वतःचं चढत गेलं, हेही घरात सगळ्यांनी टिपून ठेवलेलं आहे.

नवा हब कारखान्यातल्या यंत्रावर रात्रंदिवस फिरवून झाला होता. तडा नाही, काही नाही. पण यंत्रावर खड्डे नसतात. मालक म्हणाले, खऱ्या रस्त्यावर, भरल्या गाडीला लावून होळीपर्यंत चालवा. तोवर काही झालं नाही तर हब पास. काही झालं तर हा विषय कायमचा बंद. आणि शेवटी म्हणाले, "गाडी अशी शोधा, जिचा मालक आपल्यावर धावून येणार नाही."

अशी गाडी माझ्या माहितीत एकच होती. माझ्या साळ्याचा टिप्पर. तो चिखल्याच्या खाणीतून मँगनीज भरून तुमसर रोड स्टेशनच्या मालधक्क्यावर टाकायचा, आणि संध्याकाळी सिहोऱ्याला घराच्या आवारात उभा राहायचा. साळा मला स्पष्ट नाही म्हणाला. मग बायको बोलली. तिनं भावाला सांगितलं, "माझ्या शबदावर लाव. याईनं नुसतं कागदावर नाई काढलं, दोन वर्ष झोप नाई घेतली. काई होत नाई." म्हणजे होळीपर्यंत त्या चाकावर फक्त माझा हब नव्हता, माहेरी तिचा शब्दही आवळलेला होता. काही झालं असतं तर मी भंडाऱ्याला तोंड लपवून बसलो असतो. तिला मात्र दर सणाला तिकडं जायचं होतं.

मागच्या चाकांना आम्ही डाव्या बाजूला माझा हब लावला आणि उजव्या बाजूला जुना राहू दिला. एकाच गाडीला, एकाच रस्त्यावर, एकाच वजनाखाली दोन्ही चालले की फरक कळतो. हे शास्त्र मला माहीत होतं. पण त्यामुळं डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती हे सगळ्या घराला कळलं, आणि तिथूनच संशयाला सुरुवात झाली.

पहिला संशय ड्रायव्हरला आला. तो साळ्याकडं खूप वर्षं गाडीवर होता. प्रत्येक फेरीला निघताना तो टामीनं, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, चाकांवर ठोकून आवाज ऐकायचा. उजवं चाक टण्णकन वाजायचं. माझं डावं ठक्क वाजायचं. जिथं लोखंड पातळ आणि आकार वेगळा तिथं आवाज वेगळा येणारच. हे मी त्याला समजावलं. त्यानं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी डाव्या चाकाखाली एकाच्या जागी चार लिंबं ठेवली.

"साहेब, गाडी डावीकडं वढून रायली," तो म्हणाला.

"रस्त्याचा उतार असेल."

"रस्ता तर तोच हाय, साहेब. हब बदलला."

मी स्वतः शेजारी बसून गेलो. गाडी नाकासमोर चालली होती. पण त्यानं स्टीअरिंग उजवीकडं असं धरलं होतं, की जणू डाव्या बाजूला कोणी दोर बांधून ओढतंय. उतरल्यावर त्याचे खांदे दुखत होते. ते खांदे खरंच दुखत होते, मी शपथेवर सांगतो.

सासऱ्यांचा संशय वेगळाच होता. त्यांचा हबवर राग नव्हता. त्यांना हिशेब लागत नव्हता. फोनवर ख्यालीखुशाली विचारून झाली की ते सहज आवाजात म्हणायचे, "अन् थे बाकीचं लोखंड... कारखान्यातच असन ना?" बायकोनं मला एकदा सांगितलं की बाबांना वाटतं, मालकानं तुमच्या भोळेपणाचा फायदा घेऊन ते विकून खाल्लं. मग जरा थांबून म्हणाली, "निदान मालकानंच, असं म्हणतात. तुमचं नाव घेत नाई अजून."

आणि मग एका दुपारी साळ्याचा फोन आला. मालधक्क्यावर गाडी रिकामी करताना डाव्या चाकाचा एक बोल्ट तुटून पडला होता.

मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर चाकाजवळ उकिडवा बसला होता. त्यानं तुटका बोल्ट रुमालावर ठेवला होता, प्रेताच्या उशाला दिवा ठेवतात तसा. मी बोल्ट हातात घेतला. हबला काही नव्हतं. तडा नव्हता, झीज नव्हती. बोल्ट मात्र मधून ताणला जाऊन बारीक झाला आणि मग तुटला होता. बोल्ट असा तुटतो तो ढिला राहिला म्हणून नाही, जास्त आवळला म्हणून. पण जास्त आवळणार कोण? मी स्वतः टॉर्क पान्यानं आवळून दिला होता. हा पाना ठरलेल्या जोराला पोचला की टक्क असा आवाज करतो आणि सांगतो, बस झालं, थांब.

मी सगळे बोल्ट बदलले. साळ्याला आणि ड्रायव्हरला जवळ उभं करून पाना दाखवला. टक्क झालं. ड्रायव्हर घाबरून मागं सरला. "तुटला का?"

"पाना तुटला नाही. तो सांगतोय, पुरे."

"लोखंड कधी पुरे म्हणते का, साहेब?"

त्या दिवशी मी एक युक्ती केली. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक नटावरून चाकावर जाईल अशी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटणार. कोणाला काही बोललो नाही. मालकांना फोन करून सांगितलं की बोल्टाचा माल खराब निघाला. हे खोटं होतं, पण माझा संशय ड्रायव्हरवर होता आणि सासुरवाडीच्या ड्रायव्हरचं नाव मालकासमोर घ्यायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या रविवारी आवारात जाऊन पाहिलं. डाव्या बाजूच्या सगळ्या रेघा तुटल्या होत्या. प्रत्येक नट थोडा पुढं सरकला होता, आवळायच्या दिशेनं. उजव्या बाजूला, जुन्या हबवर, एकही रेघ हललेली नव्हती.

मग सुरू झालं ते आठवलं की आताही हसू येतं. तेव्हा हसू येत नव्हतं. मी ड्रायव्हरवर लक्ष ठेवायला लागलो. ड्रायव्हर माझ्यावर लक्ष ठेवायला लागला, कारण त्याच्या मते साहेब रविवारी येतो आणि सोमवारी चाक बिघडतं. साळ्याला वाटलं, दुसऱ्या कुठल्या कारखान्यानं ड्रायव्हरला फोडलंय. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, तुमच्या हबावर जळणारा कोणी हाय का?" मी खूप आठवून पाहिलं. माझ्या हबवर जळण्याइतका तो अजून कोणाला माहीतच नव्हता, ही गोष्ट कबूल करताना मला वाईट वाटलं.

घरीही मी सरळ वागलो नाही. एकदा जेवताना बायकोला विचारून बसलो, "तुझी आई आवारात फिरते का गं सकाळी?"

तिनं वाढता वाढता चमचा भांड्यात ठेवून दिला. "आता माझ्या मायवर आले का?"

"नाही, सहज विचारलं."

"साठी पार केलेली बाई टिप्परचे नट फिरवते म्हणता? तुमी ना, एकदा बी.पी. तपासून घ्या."

दुसरा बोल्ट तुटला तो चिखल्याहून भरून निघताना. ड्रायव्हरला आवाज आला, त्यानं तिथंच गाडी उभी केली. काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि ते सगळ्यांना कळत होतं. मालक म्हणाले, आता आणखी एक तुटला की गाशा गुंडाळा. साळा म्हणाला, आणखी एकाची वाट काहून पाहाची, उद्याच काढून टाकतो. बायको फोनवर भावाला म्हणाली, "या रविवारपर्यंत थांब. आमी दोघं येऊन रायलो." तिचा आवाज बारीक झाला होता.

शनिवारी आम्ही सिहोऱ्याला मुक्कामाला गेलो. मी सगळे नट टॉर्क पान्यानं नव्यानं आवळले आणि त्यांवर रेघा ओढल्या. रविवारी उजाडताच मी शाल पांघरून आवारातल्या तणसीच्या ढिगामागं जाऊन बसलो. तणीस म्हणजे मळणीनंतरचं धानाचं वाळलं गवत. त्याच्यामागं बसायला ऊब असते, पण ते अंगाला असं टोचतं की पकडायला आलेला माणूसच चोरासारखा चुळबुळत राहतो.

आधी सासरे आले. तोंडात कडुनिंबाची काडी. त्यांनी एकदा उजवीकडं पाहिलं, एकदा डावीकडं, गाडीखालून पाना काढला, डाव्या चाकाच्या नटाला लावला, एका हातानं गाडीचा फाळका धरला आणि पान्याच्या दांड्यावर चक्क उभे राहिले. हुं करून एक झोका दिला. मग दुसरा नट. असे सगळे. शेवटी चाकावर थाप मारली आणि काडी चघळत निघून गेले.

मी उठणार, तेवढ्यात साळा आला. त्यानंही तसंच इकडंतिकडं पाहिलं. त्याच्याकडं तर दांडा लांब करायला लोखंडी पाईप होता. प्रत्येक नटाला एक हिसका. तोही गेला. माझ्या अंगावर काटा आला तो तणसीनं की त्या पाईपनं, ते सांगता येत नाही.

मग ड्रायव्हर. टामीनं ठोकून त्यानं आवाज ऐकला, मान नकारार्थी हलवली, आणि एकेक पीळ देऊन लिंबं आणायला आत गेला.

मला राहवलं नाही. बोल्ट आता कोणत्या हालतीत असतील या भीतीनं मी धावत जाऊन चाकाजवळ बसलो आणि पाना लावून नट सैल करायला लागलो. तेवढ्यात मागून आरोळी आली.

"सापडला! मालक, या, साहेबच हाय!"

माझ्या डोक्यात तणीस, अंगावर शाल, हातात पाना, आणि मी नट ढिला करत होतो. साळा धावत आला. सासरे काडी हातात घेऊन आले. ड्रायव्हरचा चेहरा असा झाला होता, की जणू इतके दिवस लिंबांना जे ठाऊक होतं ते आज त्यालाही कळलं.

"भाऊजी, तुमी ढिले करून रायले? सोताच्याच हबाचे?"

"तुम्ही तिघांनी आवळले म्हणून!" मी ओरडलो. "तुम्ही पाईप लावून, मामाजी वर उभं राहून, आणि हा पीळ देऊन! मी तिथून पाहिलं!"

मग तिघंही एकमेकांकडं पाहायला लागले. एकालाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

"बाबा, तुमी?" साळा म्हणाला.

"मंग काय करू?" सासरे म्हणाले. "अर्धं लोखंड गायब हाय त्याच्यात. पोराची गाडी, पोरीचा शबद. म्हटलं, आपल्याकडून एक वरून."

वरून एक. ही त्या घराची जुनी रीत आहे. काट्यावर पोतं बरोबर बसलं तरी सासरे वरून एक ओंजळ धान टाकतात, घेणाऱ्याच्या मनात किंतू राहू नये म्हणून. साळा तेच पाहत मोठा झाला. ड्रायव्हर त्याच अंगणात पोती उचलायचा, मग गाडीवर गेला. माझा हब त्यांना मापात कमी वाटला, तर प्रत्येकानं आपल्याकडून एक वरून टाकलं. रोज. उजव्या चाकाचं माप पूर्ण होतं, म्हणून तिकडं कोणी हातही लावला नाही.

"धानावर ओंजळ पडते, मामाजी," मी म्हणालो. "बोल्टावर पडली की तो ताणून तुटतो."

चहाची थाळी घेऊन बायको केव्हा येऊन उभी राहिली कळलंच नाही. ती मला म्हणाली, "अन् तुमी टक्क झाल्यावर काय करता? काल संध्याकाळी मी खिडकीतून पायलं ना. टक्क झालं, तुमी हाताले फुंकर मारली, अन् आणखी एक थोडसा देला."

ते खरं होतं. टक्क म्हणजे पुरे हे मीच सांगत होतो. पण तिच्या भावाची गाडी होती, म्हणून माझा हातही थोडा पुढं गेला होता. सासरे पहिल्यांदाच माझ्याकडं आपल्यातला माणूस म्हणून पाहून हसले.

सगळे बोल्ट पुन्हा बदलले. ठरलं, डाव्या नटांना हात लावायचा तो फक्त टॉर्क पान्यानं, महिन्यातून एकदा, आणि चौघं समोर असताना. पण मला माहीत होतं की नुसतं ठरवून सासऱ्यांचा हात थांबणार नाही. त्यांचा हिशेब अजून लागला नव्हता. मी कारखान्यात जाऊन एक लोखंडाचा गट्टू ओतून घेतला, जुन्या आणि नव्या हबच्या वजनात जेवढा फरक तेवढाच. मालकांनी कारण विचारलं. मी म्हणालो, घरगुती आहे.

तो गट्टू आणि नव्या हबचा एक नमुना मी सासऱ्यांच्या काट्यावर एकत्र ठेवला. त्यांनी बाजूला जुना हब तयारच ठेवला होता. आधी हे दोन, मग तो एक. आकडे सारखे आले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"म्हंजे हेच थे बाकीचं?"

"हेच."

"मंग पयलेच आनाचं ना, बापा. उगाच इतके दिवस त्या मालकावर शक घेतला." आणि गट्टू त्यांनी गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून लावून टाकला. त्या दिवसापासून डाव्या चाकाच्या रेघा तुटायच्या थांबल्या. ड्रायव्हरनं लिंबं चारावरून एकावर आणली. आवाज मात्र तो अजूनही ऐकतो. म्हणतो, ठक्क वाजलं तरी चालन, पण रोज तसंच ठक्क वाजलं पायजे. यावर मला काही म्हणायचं नाही.

होळी आली आणि गेली. आणखी एकही बोल्ट तुटला नाही. मालकांनी हब पास केला, आणि आम्ही सिहोऱ्याला जाऊन उजव्या बाजूलाही नवा बसवला. सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं. सासरे दुरून पाहत होते, हात पाठीमागं बांधून. मला ते फार बरं वाटलं. निघताना त्यांनी मला आग्रहानं आणखी एकदा चहाला आत बसवलं, आणि स्वतः थोडा वेळ कुठं दिसले नाहीत. त्याचंही मला काही वाटलं नाही.

परत येताना भंडारा जवळ आलं. रस्त्याच्या बाजूला रिकामी शेतं उन्हात चमकत होती. गाडी चालवताना मी बायकोला म्हणालो, "बाबांचा आता माझ्यावर पूर्ण विश्वास बसला बघ."

ती खिडकीतून शेतांकडं पाहत होती. म्हणाली, "हाव. बसला. तुमी चहा घेऊन रायले होते ना, तेव्हा त्याईनं आपल्या गाडीच्या चारी चाकाचे नट एक-एक वरून देले. म्हणे, जवाईबुवाची गाडी हलकी वाटते. घरी गेल्यावर तुमचा टक्कवाला पाना काढजा."